न दिसणारं फळ

रत्नागिरीच्या टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे. तिथे येणारी माणसं मंडालेच्या तुरुंगाबद्दल विचारतात, 'गीतारहस्या'बद्दल बोलतात; टिळकांच्या मधुमेहाचा विषय क्वचितच निघतो. वयाची ५२ वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस उरला असताना, २२ जुलै १९०८ च्या रात्री, त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा हा आजार त्यांच्या सोबतीला होताच. इन्शुलिन अजून जगात यायचं होतं. टोरंटोत १४ वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं जानेवारी १९२२ मध्ये, आणि टिळक गेले १ ऑगस्ट १९२० रोजी. म्हणजे त्यांच्या हातात होतं ते फक्त पथ्य. मंडालेत जवाच्या पिठावर भर देऊन त्यांनी आजार ताब्यात ठेवला, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. त्याच कोठडीत १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी 'गीतारहस्य' पेन्सिलीनं लिहून काढलं. (मंडालेचा राजा थिबा तेव्हा रत्नागिरीत नजरकैदेत होता आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत. इंग्रजांनी केलेली ही अदलाबदल आमच्या गावात अजून चवीनं सांगितली जाते.)

फळावर नजर न ठेवता कर्तव्य करत राहावं, हा त्या ग्रंथाचा गाभा. तो एका मधुमेही माणसानं, मोजून-मापून जेवत लिहिला, हे मला पुनःपुन्हा आठवतं. कारण मधुमेहाच्या पथ्याइतकं निष्काम कर्म शोधून सापडणार नाही. त्याचं फळ म्हणजे काहीतरी न घडणं. डोळ्यांच्या पडद्यावर रक्त आलं नाही, पायाची जखम चिघळली नाही, मूत्रपिंडं शाबूत राहिली. वीस वर्षं चहात साखर न घालणाऱ्याला या न घडलेल्या गोष्टींबद्दल कुणी नारळ देत नाही. त्याची त्यालाही त्या दिसत नाहीत. दिसते ती फक्त शेजाऱ्याच्या ताटातली पुरणपोळी.

आणि इतकं करूनही कधी कधी ती गोष्ट घडते. "शुगर किडनीवर आली" हे आपल्याकडचे शब्द. ते बहुतेक वेळा लॅबच्या बाहेरच्या बाकावर बसून, पाकीट फोडून, कागदावर ठळक छापलेल्या एका आकड्यातून कळतात. दुखत काहीच नसतं, आणि माणूस हादरतो तो त्यामुळेच. पोटात कळ आली असती, ताप भरला असता, तर शरीरानं काही सांगितलं असं तरी वाटलं असतं. इथे सकाळीच मिरकरवाड्यावरून मासळी घेऊन आलेला, पिशवी हातात धरून उभा असलेला धडधाकट माणूस, आणि कागद म्हणतो की मूत्रपिंडांचं निम्मं काम थांबलं आहे.

या गप्प राहण्यामागे कारण आहे. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून सगळा रक्तात परत घेतात. प्रत्येकात साधारण दहा लाख गाळण्या. काही बंद पडल्या तर उरलेल्या जास्त काम ओढतात आणि तक्रार बाहेर येऊ देत नाहीत. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत निम्म्याच्या आसपास क्षमता गेलेली असू शकते. त्याच्या कितीतरी आधी लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपायला लागतं. पावसाळ्यात कौल सरकलं तर खोलीत पाणी ठिबकण्याआधी वाशाला ओल धरते, तसं. ही ओल ओळखणारी तपासणी म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० सावध, त्यावर गंभीर. सकाळच्या लघवीचा एक नमुना पुरतो. तरीही दर तीन महिन्यांनी साखर तपासणारी किती माणसं ही तपासणी वर्षातून एकदा करून घेतात, हे आपल्या ओळखीत विचारून पाहावं. उत्तर फारसं सुखावणारं नसतं.

आपल्या हाडापेराचा यात आणखी एक फसवा भाग आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचा फोटो छापला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, स्नायू कमी, असा हा भारतीय देह. मधुमेह आपल्याला लवकर का गाठतो, याचं एक उत्तर त्यात आहे. दुसरी गोष्ट तितकी बोलली जात नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. ज्याच्या अंगावर स्नायूच कमी, त्याचं क्रिएटिनिन मूत्रपिंड बिघडूनही बरं दिसतं. कोकणातल्या काटक, वाळक्या म्हाताऱ्याचा रिपोर्ट म्हणूनच थोड्या संशयानं वाचावा लागतो. मूत्रपिंडांच्या क्षमतेचा जो आकडा कागदावर छापतात तो वय, लिंग आणि क्रिएटिनिन यांवरून सूत्रानं काढलेला अंदाज असतो. तेवढ्या एका कागदावर निदानही होत नाही. तीन महिन्यांच्या अंतरानं पुन्हा पाहावं लागतं, कारण ताप, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचे अतिश्रम यांनीही अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. ते तीन महिने माणूस कसे काढतो, हे मात्र कुठल्या रिपोर्टात येत नाही.

काही जण ते फार आनंदात काढतात, आणि ही त्या आजाराची सगळ्यात क्रूर थट्टा. शरीरातल्या इन्शुलिनचा बराच भाग मूत्रपिंडं मोडून टाकतात. ती थकली की इन्शुलिन रक्तात जास्त वेळ राहतं आणि साखर आपोआप उतरायला लागते. वर्षानुवर्षं न हललेला आकडा खाली येतो, गोळ्या कमी होतात. घरात सांगितलं जातं, "कारल्याचा रस लागू पडला." कारल्याचा तिथे काही संबंध नसतो. मग एखाद्या पहाटे घाम फुटून माणूस बेशुद्ध होतो, तेव्हा कळतं की साखर उतरली ती तब्येत सुधारली म्हणून नव्हे.

शरीराच्या या उलट्या भाषेचं दुसरं टोक औषधांत दिसतं. प्रमेही, म्हणजे आजच्या भाषेत मधुमेही, माणसाच्या लघवीकडे मुंग्या धावतात, हे चरक-सुश्रुतांच्या काळापासून आपल्या वैद्यांना ठाऊक होतं. रोग ओळखण्याची ती खूणच होती. १८३५ मध्ये युरोपात सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरायझिन नावाचं एक द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते दिलं की मूत्रपिंडं साखर परत घेत नाहीत, लघवीवाटे सोडून देतात, हे त्याच शतकाच्या अखेरीस लक्षात आलं. त्या कल्पनेवर उभी राहिलेली डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं आज मधुमेही मूत्रपिंडाची झीज मंदावतात. २०१९ आणि २०२० मधल्या मोठ्या चाचण्यांनी ते दाखवून दिलं. ज्या गोड लघवीवरून वैद्य रोग ओळखत, तीच आता उपचाराची खूण झाली आहे. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट संपलं आणि ती गोळी तालुक्याच्या औषध दुकानात परवडेल अशा भावात आली. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातल्या मधुमेहींच्या दृष्टीनं ती गेल्या काही वर्षांतली फार मोठी बातमी होती; पहिल्या पानावर ती काही आली नाही.

ही गोळी असो की त्याआधीपासून दिली जाणारी रक्तदाबाची 'प्रिल' किंवा 'सार्टन' गटातली औषधं, सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. गाळण्यांवरचा दाब उतरला, की आकडा क्षणभर बिघडतो आणि पुढची अनेक वर्षं वाचतात. रुग्ण मात्र तो आकडा पाहून घाबरतो आणि गोळी बंद करतो. शेजारचा कुणीतरी सांगतोच, "त्या गोळीनंच किडनी जाते." फळावर नजर ठेवल्यानं कर्म कसं बिघडतं, याचं इतकं रोकडं उदाहरण पोथीत मिळणार नाही. ती वाढ किती चालेल आणि कुठे थांबायचं, हे डॉक्टरनं ठरवायचं. आपण फक्त आपल्या मनानं गोळी सोडायची नाही.

निदानानंतर घराचं काय होतं, ते सांगताना मला जयप्रकाश नारायण आठवतात. त्यांना मधुमेह होता. १९७५ च्या नोव्हेंबरात चंदीगडच्या स्थानबद्धतेतून सुटले तेव्हा त्यांची मूत्रपिंडं निकामी झालेली होती. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचं डायलिसिस सुरू झालं आणि त्यानंतर ते जवळजवळ चार वर्षं जगले. ती चार वर्षं नुसती अंथरुणावर गेली नाहीत. १९७७ च्या निवडणुकीच्या प्रचाराला ते दोन डायलिसिसांच्या मधल्या दिवसांत फिरले आणि देशातलं सरकार बदलून दाखवलं. पण त्यांच्या आजारपणातला मला सगळ्यात बोलका वाटणारा प्रसंग मार्च १९७९ मधला आहे. ते जसलोकमध्ये अत्यवस्थ असताना त्यांच्या निधनाची चुकीची बातमी दिल्लीत पोचली. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी ती लोकसभेत सांगितली, सभागृहानं श्रद्धांजली वाहिली, आकाशवाणीनं बातमी दिली. जयप्रकाश तेव्हा हयात होते. ते गेले त्यानंतर सहा महिन्यांनी, ८ ऑक्टोबरला.

किडनीचा रिपोर्ट आलेल्या प्रत्येक घरात लहान प्रमाणावर हेच होतं. माणूस समोर बसलेला असतो आणि घर त्याला श्रद्धांजली वाहायला लागतं. आवाज हळू होतात. भाऊ मुंबईहून फोन करून जमिनीच्या सातबाऱ्याचं विचारतो. कोणीतरी कोल्हापूरच्या एखाद्या ओळखीच्या माणसाची गोष्ट सांगतं, जो "मशीनवर गेला आणि वर्षात संपला." रुग्णाला काही ठरवू देत नाहीत, बाजारात जाऊ देत नाहीत, पोतं उचलू देत नाहीत. वस्तुस्थिती अशी आहे की आजाराच्या मधल्या, तिसऱ्या पायरीवर निदान झालेल्या अनेकांना मशीन कधीच लागत नाही. रक्तदाब, साखर, मीठ आणि या नव्या-जुन्या गोळ्या सांभाळल्या तर आकडा वर्षानुवर्षं फार हळू उतरतो, कधी जागच्या जागी थांबतो. आणि अशा रुग्णाला मूत्रपिंडाच्या आधी हृदय दगा देण्याची शक्यता जास्त असते, म्हणून काळजी करायचीच तर छातीची आणि बिडीचीही करावी. ही गोष्ट निदानाच्या दिवशी कुणीतरी शांतपणे, खुर्चीवर बसवून सांगायला हवी. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत तेवढा वेळ नसतो, हे मला कळतं. तरी घरच्यांना तो असतो.

मग येतं ताट. कोकणातल्या ताटाला या आजारानं जितकं गोंधळात टाकलं आहे तितकं क्वचितच कशानं टाकलं असेल. मधुमेहासाठी आंबा, फणस, उकडीचे मोदक बंद झालेले होतेच. आता मीठ आलं. मीठ म्हणजे फक्त भाजीतलं नव्हे. सुकट, खारवलेला बांगडा, पावसाळ्यासाठी भरून ठेवलेली लोणची, पोह्याचे पापड, सांडगी मिरची, हे सगळं मिठाचंच कोठार. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर, ही मर्यादा; ती आमच्याकडे पेजेबरोबरच्या लोणच्यातच निम्मी संपते. सैंधव चालतं म्हणून ते वापरणारे आहेत, सैंधवही मीठच. 'कमी सोडियमचं' म्हणून विकलं जाणारं मीठ तर पोटॅशियमचं असतं आणि थकलेल्या मूत्रपिंडाला ते जास्त धोक्याचं. पोटॅशियम वाढलेल्या माणसाला शहाळंही नको, आणि शहाळं म्हणजे आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाण्याचा शिष्टाचार. सोलकढीतला नारळही मग मोजावा लागतो. परसातल्या कमरखाबद्दल मात्र एक इशारा मनापासून द्यावासा वाटतो. आडवं कापलं की चांदणी दिसणारं हे आंबट फळ मूत्रपिंड खालावलेल्या माणसाला थांबत नाही अशी उचकी, भ्रम, झटके आणू शकतं. क्वचित जीवही घेतं. त्यातलं विष ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये शोधून काढलं. बाकीच्या गोष्टी कमी-जास्त चालतात, ही नाही.

घाबरून सगळंच सोडणारे दुसऱ्या टोकाला जातात. मासे बंद, डाळ बंद, नुसती पेज. सहा महिन्यांत दंडाची कातडी लोंबते. प्रथिनं मापात हवीत, शून्य नव्हेत. एक बांगडा खाऊन कुणाचं मूत्रपिंड गेलेलं नाही. गुडघेदुखीसाठी दुकानातून स्वतःच्या मनानं आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी मात्र खूप जणांचं गेलं आहे. त्याबद्दल घरात कुणी वाद घालत नाही, वाद घालतात तो बांगड्यावरून.

हे सगळं ऐकताना रुग्णाच्या मनात एक वाक्य चालू असतं: हे मी ओढवून घेतलं. आणि समाज मान डोलावतो. आयतं बसणं, लोळणं, दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ ही प्रमेहाची कारणं चरकानं सांगितली, म्हणजे हा दोषारोपही जुनाच. पण त्याच चरकानं असंही म्हटलं आहे की प्रमेही आईबापाच्या पोटी येणाऱ्याला हा रोग बीजातूनच मिळतो. याज्ञिकांचं पुण्याजवळच्या खेड्यांतलं काम याच्याही मागे जातं: आईच्या पोटात असताना पोषण कमी पडलेलं बाळ पुढे मधुमेहाकडे झुकतं. दुष्काळ, टंचाई, आजीच्या बाळंतपणातली उपासमार यांचा हिशेब नातवाच्या रक्तात निघतो. एखाद्याच्या हातून जिलेबी खाल्ली गेलीही असेल. तरी तिच्यावर सगळा गुन्हा ढकलणं हे आळशी वैद्यक आहे आणि त्याहून आळशी नीतिशास्त्र. शिवाय अपराधी वाटणारा माणूस पथ्य पाळत नाही, रिपोर्ट लपवतो. पुढच्या वेळी रक्त द्यायला जाण्याआधी दोन दिवस उपाशी राहून आकडा सजवतो आणि डॉक्टरांसमोर ठेवतो. ते कर्म नव्हे, हजेरी लावणं झालं.

मशीनचं भय आहे, ते खोटं नाही. पहिलं चालतं यंत्र डच डॉक्टर विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडात, सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्यांतून केलं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात मोजकीच यंत्रं होती. कुणाला द्यायची हे ठरवायला बहुतांशी डॉक्टर नसलेल्या नागरिकांची समिती बसवली होती, आणि तिच्यासमोर यायच्या आधीच मधुमेहासारखा सर्वांगाला व्यापणारा आजार असलेल्यांना सहसा बाजूला काढलं जाई. आज जगातल्या बहुतेक डायलिसिस कक्षांत सर्वाधिक खुर्च्यांवर मधुमेहीच दिसतात. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात ही सोय आहे, डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खर्च निघतो. पैशाइतकाच प्रश्न आता अंतराचा आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, आणि येण्याजाण्याचे एसटीचे तास वेगळे. जुलैत घाटात दरड आली, सड्यावरचा रस्ता बंद झाला, तर रक्त थांबून राहत नाही.

डायलिसिस घेणाऱ्याच्या मनगटाजवळ शीर आणि धमनी जोडून केलेला फिस्टुला असतो. त्यावर बोट ठेवलं तर खाली एकसारखी थरथर लागते, कान लावला तर घरघर ऐकू येते. रुग्ण सकाळी उठल्यावर आधी तीच तपासतात. थरथर आहे म्हणजे रस्ता चालू आहे. एका खालच्या आवाजात बोलणाऱ्या गृहस्थांनी हात पुढे करून "बघा, चालू आहे" म्हटलं, तेव्हा त्या स्वरात भय नव्हतं; होडीचं यंत्र तपासणाऱ्या माणसाचा रोजचा स्वर होता. हा जोड तयार व्हायला आठवडे-महिने लागतात, म्हणून क्षमता खूप उतरलेल्यांनी उजव्या हातानं काम करत असल्यास डाव्या हातातून रक्त काढू देऊ नये. वेळेवर केलेली ही तयारी म्हणजे हार मानणं नव्हे, हे घरच्यांना पटायला वेळ लागतो.

आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, याची वाटणी ग्रीक तत्त्ववेत्त्या एपिक्टेटसनं केली, गीतेनं केली, टिळकांनी मंडालेत बसून तिच्यावर भलाथोरला ग्रंथ लिहिला. मूत्रपिंडाच्या रुग्णाला ती वाटणी दर तीन महिन्यांनी, कागदाच्या एका तुकड्यावर करावी लागते. गोळी, मीठ, चालणं, रक्तदाबाची नोंद हे त्याचं. आकडा त्याचा नाही. आकडा चांगला आला तर मिरवू नये आणि वाईट आला तर गोळ्या फेकू नयेत, एवढं ज्याला जमलं तो या आजाराबरोबर दीर्घकाळ राहू शकतो.

तुम्हाला मधुमेह असेल, तर आज फाइल काढा आणि शेवटची लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी कोणत्या तारखेची आहे ते पाहा. वर्षापूर्वीची असेल किंवा सापडलीच नाही, तर उद्या सकाळी बाटली घेऊन लॅबमध्ये जा.